पिकअप उंच करण्याआधी



आपल्या मासिकाच्या वाचकांपैकी किती घरांच्या दारात पिकअप उभी असेल, याची मोजदाद कुणी केलेली नाही. पण कोकणातला आंबा असो, जळगावची केळी असो, नाशिकची द्राक्षे असोत, बंदरावरची मासळी असो की बकरी ईदच्या आधीचे बकरे, हे सारे वाहणाऱ्या गाड्यांवर आपली मुले, भाऊ, भाचे मोठ्या संख्येने आहेत. गाडी कर्जावर येते. दारात आली की पेढे वाटले जातात, मोहल्ल्यातली मुले हौद्यात चढून फोटो काढतात. आणि आठवडा सरायच्या आत कुणीतरी जाणता माणूस गाडीभोवती एक फेरी मारून सल्ला देतो: "मागचे दोन पाटे वाढव. गाडी उचलून घे. मग बघ, किती माल घेते ती."

हा सल्ला देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण कर्जाचा हप्ता भरणाऱ्या घराने तो ऐकण्याआधी थोडे गणित करावे, असे आम्हाला वाटते. या महिन्यात तेच गणित मांडतो. गॅरेज हा आमचा धंदा नव्हे. आम्ही मास्तर माणूस. परंतु पाट्याचे शास्त्र शाळेतल्या विज्ञानाच्या फार पलीकडचे नाही.

पहिला प्रश्न असा विचारायचा की गाडी उंच कशासाठी करायची? कारणे साधारण तीन असतात. एक, माल भरला की गाडी मागून बसते. दोन, खराब रस्त्यावर, शेतात, ओढ्यात खालून घासते. तीन, उंच गाडी रुबाबदार दिसते. तिन्हींवर गॅरेजमध्ये उत्तर एकच मिळते, "उचलून टाकू". प्रत्यक्षात तिन्ही दुखणी वेगळी आहेत आणि औषधेही वेगळी आहेत.

आधी पाटा काय करतो ते पाहू. मागच्या एक्सलवर पोलादी पट्ट्यांची जी कमान असते, तिच्यावर चासीचे आणि मालाचे वजन बसते. वजन आले की कमान सरळ होऊ पाहते, खड्डा आला की लवते आणि धक्का स्वतःवर घेते. पट्ट्या जितक्या जास्त, तितकी कमान ताठ. समजा, सहा पाट्यांची कमान ठराविक वजनाला १२ सेंटीमीटर लवते. त्याच जाडीचे आणखी दोन पाटे टाकले, तर ती त्याच वजनाला सुमारे ९ सेंटीमीटरच लवेल. पाट्यांच्या जाडीचा परिणाम तर याहून मोठा असतो. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिलिमीटरचा पाटा काढून तितक्याच लांबीचा १० मिलिमीटरचा घातला, तर तो पाटा जवळजवळ दुप्पट ताठ होतो. म्हणून "दोनच मिलिमीटर जाड आहे, काय फरक पडतो" हे बोलणे खरे नाही.

मग ताठ कमान वाईट का? भरलेल्या गाडीला ती बरी वाटते. पण पिकअप दिवसभरात निम्मा वेळ रिकामी किंवा अर्धी भरलेली धावते. तेव्हा ताठ कमान लवतच नाही. खड्ड्यावर मागची चाके उडतात. पावसात, वळणावर, ब्रेक लावताना उडालेले चाक रस्ता धरत नाही. अर्ध्या भरलेल्या गाडीतला हापूस किंवा द्राक्षे बाजारात पोचेपर्यंत दबून जातात, आणि व्यापारी त्याचा भाव पाडून घेतो. ज्या मालासाठी पाटे वाढवले, तोच माल असा पाट्यांनी खराब होतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाटे वाढवल्याने गाडी बसत नाही, एवढेच होते. गाडीची ताकद वाढत नाही. एक्सल तोच, चाकातले बेअरिंग तेच, रिम आणि नट तेच, टायर तेच, ब्रेकचे ड्रम आणि लायनर तेच, चासीही तीच. गाडी मागून बसणे ही तिची तक्रार असते, "आता पुरे" असे ती सांगत असते. पाटे वाढवून आपण ती तक्रार बंद करतो, त्रास बंद करत नाही. मग दीड टन पासिंगच्या गाडीत अडीच टन भरले तरी ती दिसायला सरळ उभी राहते. आणि एखाद्या दिवशी टायर फुटतो, बेअरिंग जळते किंवा चासीला केबिनच्या मागे चीर पडते.

किती माल भरायचा, हे आरसी बुकावरच लिहिलेले असते, फक्त वजाबाकी करावी लागते. समजा, एकूण वजन ३,००० किलो आहे आणि रिकाम्या गाडीचे वजन १,६०० किलो. राहिले १,४००. हा सारा माल नव्हे. रिकाम्या गाडीच्या वजनात चालक आणि हमाल धरलेले नसतात. दोन माणसांचे १४० किलो गेले. नंतर वेल्डिंग करून घेतलेला जाळीचा पिंजरा, ताडपत्री, दोरखंड, रिकामे क्रेट यांचे १५० किलो धरा. मालासाठी उरले १,११०. एका भरलेल्या क्रेटचे वजन २२ किलो धरले तर पन्नास क्रेट. साठावा क्रेट चढवताना आपण गाडीच्या आयुष्यातून उसने घेत असतो. हे आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या गाडीचे आकडे आपल्या आरसीवरून काढा, आणि हा हिशेब घरातल्या शाळकरी मुलाकडून करून घ्या. पोराला वजाबाकी येते आणि घराला गाडी समजते.

दुसरी गोष्ट तोलाची. गाडी उलटण्याचा धोका दोन मापांवर ठरतो. दोन चाकांमधले अंतर किती आणि वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच. चाकांमधले अंतर १४० सेंटीमीटर धरू, त्याचे निम्मे ७०. भरलेल्या गाडीच्या वजनाचा मध्य १०० सेंटीमीटर उंचीवर असेल, तर ७० भागिले १००, म्हणजे ०.७०. हा आकडा जितका लहान, तितकी गाडी लवकर उलटते. गाडी १० सेंटीमीटर उचलली की तो ०.६४ होतो. येथवर कुणी म्हणेल, एवढ्याने काय होते? पण उचललेली गाडी माणूस पूर्वीइतकी भरत नाही, तो वर आणखी एक थर चढवतो. वजनाचा मध्य १२० सेंटीमीटरवर गेला की तोच आकडा ०.५८ वर येतो. हे कागदावरचे गणित झाले. रस्त्यावर टायर दबतात, पाटे एका बाजूला झुकतात, म्हणून प्रत्यक्षात गाडी याच्याही आधी कलते. कुंभार्ली किंवा आंबा घाटातले एखादे वळण आठवा आणि मग हे आकडे पुन्हा वाचा.

बकऱ्यांच्या गाडीत तर माल जिवंत असतो. वळणावर सगळे बकरे एका बाजूला सरकतात आणि तोल त्यांच्याबरोबर सरकतो. अशा गाडीला दुसरा मजला घालून वर ती उंच करणे, म्हणजे संकटाला दावत देणे होय.

तिसरी गोष्ट ब्रेकची, आणि ती पुष्कळ मिस्त्री सांगत नाहीत. बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी चासी आणि एक्सल यांना जोडलेली असते. गाडी भरली की चासी खाली येते, दांडी हलते, आणि व्हॉल्व्हला कळते की माल आहे, मागच्या ब्रेकला जास्त जोर द्या. रिकामी असली की तो जोर कमी करतो, म्हणजे मागची चाके जाम होऊन गाडी घसरत नाही. आता गाडी मागून उचलली. माल भरला तरी चासी पूर्वीइतकी खाली येत नाही. व्हॉल्व्ह समजतो, गाडी रिकामी आहे. भरलेल्या गाडीच्या मागच्या ब्रेकला तो पुरेसा जोर देत नाही. सारा भार पुढच्या ब्रेकवर पडतो, घाट उतरताना ते तापतात आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. चालक म्हणतो "ब्रेक लागला नाही", आणि दोष कुठे होता हे कुणाला कळतही नाही. गाडीची उंची बदलली की हा व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा जुळवावाच लागतो.

उंचीबरोबर आणखीही काही बदलते. गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, त्यामुळे त्याचे क्रॉस लवकर झिजतात आणि गाडी थरथरते. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो. शॉकअप तोकडा पडतो. मागून उचललेल्या गाडीच्या नाकाचा कल खाली होतो, स्टिअरिंग हलके आणि भरकटते होते. पुढून उचलली तर हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मोठे टायर घातले तर स्पीडोमीटर खोटे बोलू लागते. टायर पाच टक्के मोठा असेल, तर काटा ६० दाखवताना गाडी ६३ ने धावत असते.

आता मोबाइलवर पाहून मुले जे "लिफ्ट किट" मागतात, त्याविषयी. ही किट मुख्यतः अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि आखाती देशांत चालतात. अमेरिकेतल्या फोर्ड एफ-२५०, रॅम २५००, शेवरले सिल्व्हराडो २५०० एचडी या भारी पिकअपना तिकडचे लोक मोठे टायर बसवण्यासाठी, बर्फातून, शेतातून, डोंगरातून जाण्यासाठी ती लावतात. नाक थोडे वर आणून गाडी सपाट करणारे दोनेक इंचाचे किट असते, तसेच चार-सहा इंच उचलणारेही असते. पण चांगले किट म्हणजे नुसत्या स्प्रिंगा नव्हेत. फोर्ड एफ-२५० आणि रॅम २५०० यांच्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या मॉडेलना पुढे अखंड एक्सल आणि कॉइल स्प्रिंग असतात. तो एक्सल जागेवर धरायला एक आडवी दांडी असते. गाडी उचलली की ही दांडी एक्सलला एका बाजूला ओढते. म्हणून किटमध्ये मापात घेता येणारी दांडी किंवा नवे ब्रॅकेट, स्टिअरिंगचा बदललेला जोड, लांब शॉकअप, लांब ब्रेक पाइप, असे सारे असावे लागते. हे न करता फक्त स्प्रिंगा बदलल्या, तर वेगात पुढची चाके एकाएकी जोरजोरात थरथरू लागतात, स्टिअरिंग हातात राहत नाही. शेवरलेच्या त्याच वर्गातल्या गाडीला पुढे टॉर्शन बार असतात, तिचे किट पूर्ण वेगळे. एका गाडीचे दुसरीला चालत नाही.

सौदी, ओमान, कतारमध्ये आपले जे भाऊ पिकअप चालवतात, त्यांनाही हेच सांगणे आहे. गाडी कफीलची किंवा कंपनीची असेल, तर तिच्यात एक बोल्टही लेखी परवानगीशिवाय बदलू नये. ती अमानत आहे. आणि तिकडून येताना कुणी स्वस्तातले किट सामानात आणून इकडच्या गाडीला बसवायला सांगत असेल, तर पैसे वाया गेले असे समजावे आणि ते किट बसवू नये.

कायदाही पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये तरतूद आली की नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. जादा मालासाठी कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घ्यावा लागतो. पण दंडापेक्षा मोठी भीती विम्याची आहे. अपघात झाला आणि तपासात गाडीत बदल केलेला दिसला, पासिंगपेक्षा जास्त माल दिसला, तर विमा कंपनी दावा अडवू शकते. गाडी गेली, विमा अडकला, हप्ता मात्र चालूच, अशा वेळी घरातल्या बाईचे दागिने पहिले सराफाकडे जातात.

येथे एक गोष्ट मन घट्ट करून लिहितो. लग्न असले, उरूस असला की आपल्याकडे पिकअपच्या हौद्यात बायका-मुलांना बसवून नेतात. मालवाहू गाडीच्या हौद्यातून असा प्रवास करणाऱ्यांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात सांगितलेले आहे. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस यांची गोष्ट वेगळी. वऱ्हाडाची भरपाई गाडीमालकाच्या घरावर येते. त्यात उंच केलेली, ताठ पाट्यांची, आज रिकामीच असलेली गाडी असेल, तर ती प्रत्येक खड्ड्यावर उसळते, आणि उभ्या माणसांचा भार वजनाचा मध्य आणखी वर नेतो. लग्नाच्या खर्चात एका बसचे भाडे धरा. जेवणातला एक पदार्थ कमी करा, पण बस करा.

इतके वाचूनही काहींची अडचण खरीच असेल. गाडी पासिंगइतक्याच मालाला बसत असेल, तर काय करावे? आम्ही विश्वासू मिस्त्रींना विचारून आणि स्वतः पडताळून पुढचा क्रम काढला आहे.

आधी काट्यावर जा. गाडी एकदा रिकामी आणि एकदा नेहमीच्या मालासह तोला. भरलेली असताना फक्त मागची चाके काट्यावर घेऊन मागच्या एक्सलचे वजनही घ्या. वजन पासिंगच्या आत असूनही गाडी बसत असेल, तरच दोष पाट्यांचा. वजन जास्त भरले तर दोष आपला.

दोष पाट्यांचा असेल, तर वाढवू नका, बदला. जुने पाटे थकतात, कमान सपाट होते, एखादा पाटा मधूनच तुटलेला असतो, बुश झिजलेले असतात. कंपनीच्या मापाचा पूर्ण संच दोन्ही बाजूंना बसवा. एकाच बाजूला नवा टाकला की गाडी तिरकी उभी राहते. पाट्यांबरोबर यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवेच घ्या, आणि काही दिवस माल वाहिल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. पाटे बसले की ते सैल होतात, आणि सैल यू-बोल्ट सेंटर बोल्ट तोडतो.

एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी गुटका टाकून उंची वाढवण्याचा मार्ग स्वस्त म्हणून लोक धरतात. मागच्या बाजूला तो वाईट आणि पुढच्या बाजूला घातक. ब्रेक लागताना एक्सल पिळवटतो आणि गुटक्यामुळे त्या पिळाला जास्त लांबीचा हात मिळतो. वेल्डिंग केलेले गुटके तर कधीच स्वीकारू नका.

गाडी खालून घासते ही अडचण असेल, तर चांगल्या टायरमध्ये योग्य हवा, थकलेले पाटे बदलणे आणि इंजिनखाली पत्र्याचे कवच एवढ्यावर बहुतेकांचे भागते. रस्ता रोजच तसा असेल, तर उंच आणि भारी गाडीच घ्यावी. काम झाल्यावर ब्रेकचा व्हॉल्व्ह जुळवणे, चाकांचे अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा या तीन गोष्टी करून घ्या, पावती घ्या, आणि मोकळ्या मैदानात माल भरून ब्रेक तपासल्याशिवाय घाटात जाऊ नका.

धंदाच वाढला असेल, जास्त माल रोजच मिळत असेल, तर ती आनंदाची गोष्ट आहे. मग मोठ्या पासिंगची गाडी पाहा. बोलेरो पिकअपमध्येच १.७ टनांपर्यंतचे प्रकार मिळत आले आहेत, टाटाने २०२२ मध्ये योद्धाचा दोन टन माल वाहणारा प्रकार आणला. त्यांत नुसते पाटे वाढवलेले नसतात. एक्सल, ब्रेक, टायर, चासी यांचा मेळ कारखान्यातच घातलेला असतो. जुनी विकून नवी घेताना जो फरक भरावा लागेल, तो एका जळालेल्या एक्सलच्या, एका बुडालेल्या हंगामाच्या खर्चाशेजारी ठेवून पाहा. आणि दोन टन माल महिन्यातून दोनदाच येत असेल, तर त्या दोन दिवशी दुसरी फेरी मारणे किंवा शेजाऱ्याची गाडी भाड्याने लावणे सर्वांत स्वस्त.

जुनी पिकअप विकत घेणाऱ्यांनी तर वाकून खाली पाहावे. पाटे मोजा, कंपनीच्या मापाशी ताडा. वाढवलेले पाटे दिसले की समजावे, या गाडीने आयुष्यभर पासिंगपेक्षा जास्त ओढले आहे. रंग कितीही नवा असो, किंमत त्या हिशेबाने करा.

शेवटी एक विनंती. हा निर्णय गॅरेजच्या बाकड्यावर, चहाच्या कपाबरोबर होऊ देऊ नका. तो घरात, दस्तरखान उचलल्यावर, सगळ्यांसमोर व्हावा. आरसी बुक, विम्याचा कागद, कर्जाचे पुस्तक आणि एक पेन्सिल समोर ठेवा. अम्मीला आणि सुनेलाही बसवा, कारण रात्री उशिरा घाटातून येणाऱ्या गाडीची वाट त्याच पाहत असतात. गाडी किती उंच दिसते, यापेक्षा ती रोज किती वाजता परत येते, हे त्यांना जास्त ठाऊक असते. अल्लाह आपल्या घरच्या प्रत्येक चालकाला सलामत ठेवो आणि त्याच्या रोजीत बरकत देवो.